तुसडा हेजहॉग माणसाळवताना

आफ्रिकन पिग्मी हेजहॉग घरी आणलेल्या जवळपास प्रत्येकाची सुरुवातीची तक्रार एकच असते. हात जवळ नेला की तो फुस्स करतो, काट्यांचा गोळा होतो आणि उलगडायचं नाव घेत नाही. रात्री चाकावर धावल्याचा आवाज येतो, सकाळी वाटी रिकामी दिसते, पण प्राण्याचं तोंड काही दिसत नाही. मग ‘आमच्याच वाट्याला तुसडा आला’ असं वाटायला लागतं आणि माणूस हळूहळू त्याला हातात घेणं सोडून देतो. खरं बिघडतं ते इथे. हातात घेणं सुटलं की तो आणखी बुजरा होत जातो. आमच्या स्लाउच्या घरातली चिंगी याच जातकुळीतली. तिला माणसाळवताना जे उपयोगी पडलं ते इथे लिहिते आहे, आणि लिहिताना इंग्लंडातली थंड घरं डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

आधी हा प्राणी कोण ते समजून घ्यावं. काटे पाहून आपल्या लोकांना साळिंदर आठवतं, पण साळिंदर उंदीर-खारींच्या गोतावळ्यातलं. हेजहॉग चिचुंद्रीचा नातेवाईक. पाळला जातो तो आफ्रिकेच्या गवताळ पट्ट्यातला छोटा हेजहॉग. याच्या मागच्या पायांना चारच बोटं असतात. पूर्ण वाढलेल्याचं वजन साधारण ३०० ते ६०० ग्रॅम. इथल्या बागांमध्ये रात्री फिरणारा युरोपियन हेजहॉग वेगळा. तो रानचा प्राणी, त्याला उचलून घरात पाळायचं नसतं. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या माळावरचा भारतीय हेजहॉगही तसाच. पिग्मीचं पाळीवपण तसं अलीकडचं, १९८०च्या दशकानंतर फोफावलेलं. कुत्र्यामागे माणसाच्या सहवासाची हजारो वर्षं आहेत, याच्यामागे मोजक्या पिढ्या. त्यातून हा रानात एकटा राहणारा, रात्रीचा हिंडणारा आणि सगळ्यांचं भक्ष्य असलेला जीव. कळप नाही, जोडीदार नाही, म्होरक्या नाही. तेव्हा तो हाकेला धावत येईल, लाड करून घेईल, ही अपेक्षाच सोडावी. ‘हा वास धोक्याचा नाही, या मांडीवर ऊब आहे’ एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसवायचं, आणि ते बसतं. काहींच्या बाबतीत काही आठवडे लागतात, काहींना अर्धं वर्ष.

माझं ठाम मत असं, की स्वभावावर काम सुरू करण्याआधी शरीर तपासावं. तुसडा म्हणून बोल लावला जातो तो हेजहॉग पुष्कळदा गारठलेला तरी असतो, नाहीतर त्याला काहीतरी खुपत असतं.

थंडीपासून सुरुवात करू. याला २४ ते २७ अंश सेल्सिअस लागतं, आणि तेही चोवीस तास. आपण रात्री हीटिंग बंद करून झोपतो, खोली १६-१७ अंशांवर उतरते आणि नेमकी तीच त्याची जागं होण्याची वेळ असते. तापमान २० अंशांच्या खाली गेलं की पिग्मीचं शरीर शीतनिद्रेत जाऊ पाहतं. युरोपियन हेजहॉग त्यासाठी घडलेला आहे, हा नाही. याच्या जिवावर बेततं. पोट हाताला गार लागणं, डुगडुगत चालणं, खाणं टाकणं, गोळा अर्धवटच होणं ही लक्षणं. असं दिसलं तर त्याला अंगातल्या स्वेटरच्या आत, कातडीला लागून धरावं, हळूहळू ऊब द्यावी आणि पशुवैद्याला फोन करावा. गरम पाण्यात बुडवायचं नाही, शेकोटीसारख्या हीटरपुढेही धरायचं नाही. एकदम उष्णता दिली तर ती बाधते.

उपाय एकदाच करून ठेवायचा. चार फूट लांब, दोन फूट रुंद लाकडी विव्हेरियम (म्हणजे प्राणी ठेवायची बंद पेटी), एका टोकाला छताला उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, त्याला लोखंडी जाळी आणि थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, हीटरच्या थेट खाली लावला तर तो लवकर तापून हीटर बंद करतो आणि बाकीची पेटी गारच राहते. प्रोब झोपायच्या घरट्याजवळ, जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरवर, प्राण्याला चावता येणार नाही असा बसवावा. शिवाय दुसऱ्या टोकाला एक साधा डिजिटल थर्मामीटर ठेवावा. थर्मोस्टॅटवरचा आकडा म्हणजे सेटिंग. पेटीत खरोखर किती आहे ते थर्मामीटरच सांगतो.

उजेडाचंही गणित आहे. दिवसाला १२ ते १४ तास उजेड, मग पूर्ण अंधार. डिसेंबरात इथे चारच्या सुमारास अंधारून येतं, त्यामुळे टायमरवरचा दिवा लावावा लागतो. उजेडाचे तास कमी पडले की शरीर हिवाळा समजून मंदावतं आणि वागण्यात चिडचिड येते. चाक निदान २८ ते ३० सेंटिमीटर व्यासाचं, सपाट आणि अखंड पृष्ठभागाचं हवं. दांड्यांच्या चाकात पाय अडकून मोडतात. लहान चाकात पाठ वाकते आणि तो धावणंच सोडतो. रात्रभर धाव न मिळालेला हेजहॉग मांडीवर स्थिर बसेल ही आशा फोल आहे.

आता दुखणी. साधारण दीड-दोन महिन्यांच्या वयापासून बाळकाटे गळून मोठे काटे फुटायला लागतात, आणि चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान पुन्हा एक लाट येते. कातडीतून शेकडो टोकं वर येत असताना कोणीही पाठीला हात लावू देणार नाही. गंमत अशी, की पिल्लं विकली जातात ती याच सुमारास. दुकानात हातावर शांत बसलेलं पिल्लू घरी आल्यावर आठवड्याभरात फुत्कारायला लागतं, आणि घरचे समजतात की आपण त्याला आवडलो नाही. गळलेला काटा उचलून पाहावा. मुळाशी बारीक मण्यासारखी गाठ असेल आणि त्या जागी नवा काटा डोकावत असेल तर सगळं ठीक आहे. काट्यांच्या बुडाशी पांढरा कोंडा, टक्कल पडलेले डाग, सतत खाजवणं असं असेल तर ती गोचिडीच्या जातीची बारीक कीड, म्हणजे माइट्स. त्यावर पशुवैद्यानेच वजनानुसार औषध द्यायचं. कुत्र्या-मांजरांचं पिसवांचं औषध घरच्या घरी अंदाजाने लावणं जिवावर बेतू शकतं. वाढून आत वळलेली नखं, हिरड्यांचा आजार, कानाच्या कडा खरबरीत होणं हेही एकदा तपासून घ्यावं. गोळा झालेला हेजहॉग डॉक्टरलाही उघडता येत नाही. त्यामुळे गॅसने हलकी भूल देऊन तपासतात, त्याने हबकून जाऊ नये. मात्र विदेशी प्राण्यांची सवय असलेलाच पशुवैद्य शोधावा, आणि तो गरज पडण्याच्या आधी शोधून ठेवावा.

हे सगळं जागच्या जागी असेल, तर मग खऱ्या ओळखीला लागायचं. आणि ही ओळख नाकाने होते.

याची नजर अधू असते. तुमचा चेहरा त्याच्या खिजगणतीत नाही. तुम्ही म्हणजे एक वास. तो वास रोज तोच राहिला पाहिजे. आपल्या घरांमध्ये अडचण नेमकी इथेच येते. संध्याकाळी लसूण सोललेला, हिंगाची फोडणी केलेली, आणि रात्री साडेआठला आपण हेजहॉगपुढे हात नेतो. त्याच्या दृष्टीने काल आलेलं माणूस वेगळं आणि आजचं वेगळं. बोटांना खाण्याचा वास असेल तर चावून बघणंही आलंच. म्हणून स्वयंपाक आटोपल्यावर बिनवासाच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत, रोज त्याच साबणाने. हँड क्रीम, अत्तर, डिओडरंट त्या वेळेपुरतं नको. उदबत्ती, धूप, कापूर त्याच्या खोलीत लावूच नये, श्वासाला त्रास होतो. आपण दोन रात्री घालून झोपलेला जुना टी-शर्ट कापून त्याचा एक तुकडा घरट्यात ठेवावा. कडा शिवून घ्याव्यात किंवा लोंबणारा प्रत्येक धागा कापावा. सुटा दोरा पायाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा तुटून पाय गमवायची वेळ येते. याच कारणाने टर्किश टॉवेलही वर्ज्य, त्याच्या फेऱ्यांत नखं अडकतात. फ्लीसचं, म्हणजे लोकरीसारखं मऊ कृत्रिम धाग्याचं कापड उत्तम.

पहिले दोन-तीन दिवस फक्त पाणी, खाणं, सफाई. त्यानंतर मात्र रोज, एकही संध्याकाळ न चुकवता, निदान अर्धा तास. दिवसा झोपेतून उठवायचं नाही. तो आपणहून जागा होण्याच्या सुमारास, आठ-नऊच्या दरम्यान, खोलीतला उजेड मंद करून सुरुवात करावी.

उचलण्याची पद्धत महत्त्वाची आहे. वरून हात आला की घुबड आलं असं त्याचं शरीर ठरवतं. दोन्ही तळवे जमिनीला टेकवून, दोन बाजूंनी सावकाश आत सरकवायचे आणि पोटाखालून ओंजळीत उचलायचं. पोटाला काटे नसतात, मऊ केस असतात. गोळा झालेला असला तरी तसाच ओंजळीत घ्यावा. काटे टोचतात, पण साळिंदरासारखे सुटून रुतत नाहीत. ओंजळ सैल ठेवली तर भार सगळीकडे विभागला जातो. जाड हातमोजे घालू नयेत. त्याने तुमचा वास झाकला जातो आणि बोटांना अंदाज राहत नाही. भीती वाटत असेल तर मध्ये फ्लीसचा तुकडा धरावा आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तो काढावा. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट पुढे जाऊन फुत्कारल्यावर हात झटकन मागे घेणं. फुस्स केलं की माणूस पळतं, हा धडा तो एका बैठकीत शिकतो.

मांडीवर घेतल्यावर काहीच करायचं नाही. हे ‘काहीच नाही’ फार अवघड जातं, विशेषतः मुलांना. कुरवाळायचं नाही, गोळा उलगडायचा प्रयत्न करायचा नाही, फोटोसाठी मोबाइल पुढे करायचा नाही. फ्लीसची पिशवी किंवा पांघरुणाची घडी करून त्यात तो ठेवावा आणि आपण पुस्तक वाचावं, टीव्ही हळू आवाजात लावावा, आईशी फोनवर बोलावं. खालच्या, एकसुरी आवाजाची त्याला लवकर सवय होते. दचकवतात ते तीक्ष्ण आवाज: किल्ल्या, प्लास्टिकची पिशवी, ताटलीवर चमचा, शिंक. माणसाला ऐकू न येणारे उंच आवाजही त्याला ऐकू येतात.

या काळात नजर ठेवायची ती कपाळावर. गोळा होण्यासाठी पाठीच्या कातडीखाली कडेने एक गोल स्नायू असतो. बटव्याची नाडी ओढावी तसा तो आवळला जातो आणि डोकं-पाय आत जातात. उलगडताना हीच क्रिया टप्प्याटप्प्याने उलटी होते. आधी गोळ्याला एक फट पडते, तिच्यात ओलं, काळं नाक हलताना दिसतं. मग मुस्कट बाहेर येतं, पण कपाळावरचे काटे टोपीच्या झापेसारखे डोळ्यांवर ओढलेलेच असतात. चिंगी बराच काळ याच टप्प्यावर अडलेली होती, नाक बाहेर आणि झाप खाली. पुढे हळूहळू झाप वर सरकते, डोळे दिसतात, आणि शेवटी कपाळावरचे काटे मागे, पाठीच्या दिशेने आडवे निजतात. तेव्हा बोट उलट्या दिशेने न नेता, नाकाकडून शेपटाकडे फिरवलं तर ते जाड कंगव्यासारखे लागतात, टोचत नाहीत. हेजहॉग सैल झाला की नाही याची ही सगळ्यात भरवशाची खूण. झोपी गेला, पोटाच्या बाजूने पसरला, तर त्याहून चांगलं.

आवाजांचा अर्थ लावायला शिकावं. नाकातून येणारा ‘फुस्’ म्हणजे भीती किंवा नापसंती. तो जवळपास सगळेच करतात, काही जण आयुष्यभर. फुस् करत अंग झटक्याने उडवणं म्हणजे ‘लांब राहा’. टकटक असा आवाज आला तर खरोखर हल्ल्याची तयारी आहे. त्या वेळी बोट पुढे करू नये, पण जागाही सोडू नये. बारीक चिवचिव समाधानाची असते. किंचाळी ऐकू आली तर दुखतंय असं धरून लगेच पाहावं. आणि परत ठेवायची वेळ निवडताना नेहमी तो शांत असल्याचा क्षण पकडावा, फुत्कार चालू असताना पेटीत सोडू नये.

चावला तर? बहुतेक वेळा आधी चाटतो, मग दात लावतो. चाटायला लागला की बोट शांतपणे बाजूला घ्यावं. दात बसलेच तर ओढू नये, कातडी फाटते आणि तो घट्ट धरतो. उलट बोट किंचित आतल्या बाजूला ढकललं की जबडा सुटतो. ओरडायचं नाही. रागावल्याचा त्याला काही बोध होत नाही, फक्त धास्ती बसते.

नवा वास लागला की तो आणखी एक विचित्र प्रकार करतो, आणि पहिल्यांदा पाहणारा माणूस फेपरं आलं समजून घाबरतो. वस्तू चावत-चघळत तोंडाला फेस आणतो, मान अशक्य वाटेल इतकी मागे वळवतो आणि लांब जिभेने तो फेस पाठीच्या काट्यांवर थापतो. हा आजार नाही. त्या वेळी मध्ये हात घालू नये; पाच-दहा मिनिटांत आटोपतं.

लाच द्यायला हरकत नाही, पण मोजून. रोजचं खाणं म्हणजे चांगल्या प्रतीचं मांजरांचं कोरडं खाद्य, प्रथिनं ३० टक्क्यांच्या वर आणि चरबी १५च्या आत, दिवसाला एक ते दोन टेबलस्पून. मीलवर्म, म्हणजे किड्याची अळी, ही याची जिलबी. मांडीवर असतानाच, आणि नाक बाहेर असतानाच, एक-दोन द्यावेत. बोटांनी देऊ नयेत, नाहीतर बोट म्हणजे अळी असा समज होतो. चिमट्याने किंवा बशीत द्यावेत. जास्त दिले तर वजन भसाभस वाढतं, आणि त्यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी असल्याने हाडांनाही बाधतं. काखेत चरबीच्या वळ्या आल्या आणि गोळा नीट मिटेना, तर खाणं कमी करावं. दूध, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, अॅव्होकाडो, सुकामेवा अजिबात नको.

पाय धुण्याचाही ओळखीला उपयोग होतो. चाकावर धावतानाच तो शी करतो आणि पाय माखून घेतो. बेसिनमध्ये पोटाला जेमतेम लागेल इतकं कोमट पाणी, तळाला फ्लीस, दोन-तीन मिनिटं. पाण्यात तो गोळा होत नाही, त्यामुळे नखं तिथेच कापता येतात. बाळाच्या नेलकटरने फक्त पांढरं टोक, आतली गुलाबी रक्तवाहिनी सोडून. काटे फुटत असताना साधे ओट्स पायमोज्यात भरून तो त्याच पाण्यात पिळला की खाज कमी होते. लगेच कोरडं करून उबेत ठेवावं. हे उठसूट करू नये, कातडी कोरडी पडते.

मुलांच्या हातात देताना मुलाला जमिनीवर बसवावं. हेजहॉगला उंचीचा अंदाज नसतो, तो सरळ कडेवरून चालत जातो. हाताळल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे, तोंडाजवळ न्यायचं नाही. याच्याकडून साल्मोनेला आणि गजकर्ण माणसाला होऊ शकतं. घरात तान्हं बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर जास्तच जपावं. सोबत म्हणून दुसरा हेजहॉग आणू नये. एकटेपण त्याला खुपत नाही, दुसरा मात्र खुपतो आणि मारामाऱ्या होतात.

जमलेली ओळख मध्येच विस्कटते, ते गृहीत धरावं. दिवाळी आणि ५ नोव्हेंबरची इंग्रजांची बॉनफायर नाइट लागोपाठ येतात तेव्हा इथे रात्री-रात्री फटाके वाजतात. पेटी घराच्या आतल्या भिंतीलगत, खिडकीपासून लांब हलवावी. भारतात चार आठवडे जायचं असेल तर ज्याच्याकडे ठेवणार, त्याला आधीचे काही दिवस घरी बोलावून मांडीवर घ्यायला लावावं, सोबत आपला टी-शर्ट द्यावा आणि तापमानाचे आकडे कागदावर लिहून पेटीला चिकटवावेत. परत आल्यावर पुन्हा पिशवीपासून सुरू करायचं. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागतो.

मात्र माणसाळलेला प्राणी काही कारण नसताना एकाएकी चावरा किंवा गप्प झाला, तर ते स्वभावावर ढकलू नये. तीन वर्षांपुढच्या हेजहॉगमध्ये गाठी आणि कर्करोग बराच आढळतो. मागचे पाय लटपटण्यापासून सुरू होऊन वाढत जाणारा एक मज्जातंतूंचा आजारही या जातीत आहे, त्यावर इलाज नाही. तेव्हा थंडीने आलेली डुगडुग आणि ही डुगडुग यांतला फरक डॉक्टरकडूनच ठरवून घ्यावा. किचनच्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवावं. दहा टक्क्यांनी उतरलं की वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

आणि काही हेजहॉग सगळं करूनही फुसफुसतेच राहतात. पिल्लूपणी हाताळणी न मिळालेले, दोन-तीन घरं फिरून आलेले असे बरेच असतात. त्यांच्यावर रोजच्या मांडीची सक्ती मला पटत नाही. महिनोन्‌महिने प्रयत्न करून झाप वर सरकतच नसेल, तर रोज संध्याकाळी पिशवीत पंधरा मिनिटं जवळ ठेवणं, आठवड्याला वजन, तीन आठवड्यांनी नखं, एवढं ठरलेलं ठेवावं. बाकी वेळ त्याला चाक, बोगद्यासाठी पाइपाचा रुंद तुकडा, आणि फ्लीसच्या चिंध्यांनी भरलेला खोका द्यावा, त्यात खाद्य लपवून. लाल मंद दिव्यात तो रात्रभर काय काय करतो ते बसून पाहता येतं.